काकाचा 'ताता'

साडेतीन वर्षांचा झाला तरी आमचा मुलगा काकाला 'ताता' म्हणायचा आणि गाडीला 'दाडी'. पुण्याहून आजी व्हिडिओ कॉलवर त्याला तेच पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. आम्हीही कौतुकाने हसायचो.

मग तो इथे, तुलूझला, शाळेत जाऊ लागला. फ्रान्समध्ये 2019 पासून तिसऱ्या वर्षीच शाळा सक्तीची आहे. ट्रकला फ्रेंचमध्ये 'कामियों' म्हणतात, हा म्हणे 'तामियों'. केकच्या 'गातो'चा 'दातो' करी. बरोबरच्या मुलांना कळेना, मग हा ढकलाढकली करी. बाई म्हणाल्या, ''काही हवं असलं की बोलत नाही, नुसता हात ओढतो.''

एका डॉक्टरांनी सांगितलं, घरात दोन भाषा आहेत, पोर गोंधळलंय, मराठी थांबवा. आम्ही थांबवली! आमच्या तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये त्याच्याशी बोलू लागलो. सहा महिन्यांत त्याचा एक उच्चार सुधारला नाही, आजीशी गप्पा मात्र बंद पडल्या. ही चुटपूट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आम्ही वाचा-उपचारतज्ज्ञांकडेही नाव नोंदवलं होतं. त्यांना इथे 'ऑर्थोफोनिस्त' म्हणतात. आमचा नंबर लागला, तेव्हा त्यांनी आधी मुलाचे कान तपासून घ्यायला लावले. कानात पाणी साचलं असलं तरी उच्चार बिघडतात. कान ठीक निघाले. मग त्यांनी विचारलं, ''मराठीत हा 'क' कसा म्हणतो?'' तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. मी 'ताता' आणि 'दाडी' सांगितलं आणि त्यांनी लगेच लिहून घेतलं. जिभेच्या मागच्या भागाने काढायचे आवाज तो दातांशी आणत होता, दोन्ही भाषांत, अगदी एकाच नियमाने. तिसऱ्या वर्षापर्यंत पुष्कळ मुलं असं करतात, पण चौथं जवळ आलं तरी टिकलं तर दाखवायला हवं. दोन भाषांनी उच्चारदोष होत नाही. खरा दोष असला तर तो दोन्हींत दिसतो, आणि मराठीतला पुरावा त्या दवाखान्यात माझ्याशिवाय कोणाकडेच नव्हता.

उपचार मी शेजारी बसून पाहिले. टेबलावर दोन चित्रं होती, एक कोंबडा, 'कॉक', आणि एक आचाऱ्याची उंच टोपी, 'तॉक'. मुलाला कोंबडा हवा होता. तो म्हणाला, 'तॉक'. बाईंनी शांतपणे टोपी दिली. त्याने मान हलवली, पुन्हा 'तॉक', पुन्हा टोपी. त्याचे डोळे भरून आले, मला उठून कोंबडा द्यावासा वाटला. नुसता 'क' त्याला काढता येत होता, शब्दात मात्र तो कधी यायचा नाही. एका आवाजाने अर्थ बदलतो हे तिथे त्याला पहिल्यांदा कळलं. कितीतरी आठवड्यांनी घशातून ओढून काढल्यासारखा 'कॉक' आला. घरी आम्ही पुन्हा मराठी बोलू लागलो आणि हेच 'काप' आणि 'ताप', 'कार' आणि 'तार' यांवर केलं.

तुमचं मूल फ्रेंच वातावरणात वाढत असेल तर एक वही करा. मूल मराठी शब्द कसे म्हणतं ते जसंच्या तसं तारखेसह लिहा आणि पहिल्या भेटीला न्या. शंका आली त्याच दिवशी दोनतीन ठिकाणी नाव नोंदवा. आम्ही 8 महिने थांबलो. खर्चाची धास्ती नको, 60 टक्के सरकारी विमा देतो, उरलेले बहुधा पूरक विमा. घरी 'नीट म्हण' असं दटावू नका. मूल 'दाडी' म्हणालं की आपण 'हो, लाल गाडी' म्हणायचं, बस्स.

सगळ्यालाच घाबरूही नका. अस्वलाला, 'उर्स'ला, फ्रेंच मुलं सर्रास 'नुर्स' म्हणतात, कारण 'एक अस्वल' म्हणताना मधला 'न' पुढच्या शब्दाला चिकटतो. 'शोकोला'तला पहिला 'शो' गळणं हेही लहानपणीचंच. मराठी 'र' घशातून घोगरा आला तर तो फ्रेंच वळणाचा समजा. मात्र चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला बहुतांशी कळायला हवं. आपल्याला कळतं यावर जाऊ नका, आपले कान सरावलेले असतात.

आता आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. घोड्याला, 'शव्हाल'ला, अजून 'सव्हाल' म्हणतो. 'श' फ्रेंच मुलांना उशिराच येतो, म्हणून ऑर्थोफोनिस्तबाई सध्या त्याला हात लावत नाहीत. आजीचा फोन पुन्हा रोज येतो. तीही आता 'सव्हाल' परत म्हणायला लावत नाही.