आंबवलेले वेगळे, सडलेले वेगळे

"शिळं-आंबट पोरांना कशाला द्यायचं?" वस्तीत आंबिलीचा विषय काढला की आया आम्हाला हेच विचारतात. त्याच घरात डब्यातली महागडी पावडर मात्र विकत आणली जाते. म्हणून आंबवणे म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

भिजवलेल्या पिठात दह्यासारखेच उपयोगी जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. या आम्लात बऱ्याच रोगजंतूंना वाढणे कठीण जाते. दुसरा फायदा त्याहून मोठा. धान्यातले फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवते. आंबवल्याने फायटेट कमी होते आणि लोह अंगी लागायला मदत होते. रक्त कमी असलेल्या मुलींसाठी हे महत्त्वाचे आहे.

हे फक्त आपल्याकडेच नाही. इथिओपियात टेफ या बारीक धान्याचे पीठ २-३ दिवस आंबवून इंजेरा नावाची मऊ, जाळीदार भाकरी करतात. नायजेरियात मका किंवा ज्वारी भिजवून, वाटून, गाळून आंबवतात. तिची पेज म्हणजे ओगी, बाळाचे वरचे अन्न.

ताडीही आंबूनच होते, मग पंचशीलाचे काय, असेही विचारले जाते. ताडीत यीस्ट साखरेचा मद्यार्क करते. रात्रभर आंबवलेल्या पिठात मुख्यतः आम्ल होते. आंबिलीने नशा येत नाही.

आंबील अशी करा : ४ चमचे नाचणीचे पीठ अर्धी वाटी ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी २ ग्लास उकळत्या पाण्यात ढवळत सोडा आणि ८-१० मिनिटे शिजवा. वरून जिरे, ठेचलेला लसूण, मीठ घाला.

ही काळजी घ्या :
१) पाणी उकळून गार केलेले वापरा.
२) भांडे स्टीलचे किंवा मातीचे घ्या. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट ठेवू नका.
३) बुरशी, तार किंवा कुजका वास आला तर फेकून द्या. उकळून ते चांगले होत नाही.
४) सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध.
५) रक्तदाब असेल तर मीठ कमी.

आंबील हे औषध नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील, आणि गोळीसोबत चहा नको. पण रोजच्या ताटात आंबील आली तर त्या पावडरीचे पैसे डाळ, अंडी आणि पालेभाजीवर खर्च करता येतील.