कुंडीतलं हेझल

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. कुंडीतल्या हेझलला बुडातून सारखे फुटवे येतात. त्याचा बोन्साय होईल का?

उत्तर : जरूर होईल. फुटवे हा हेझलचा स्वभावच आहे. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं हे झाड जमिनीलगत छाटून, नव्या फुटव्यांपासून कुंपणाच्या काठ्या काढल्या गेल्या. त्यामुळे एका खोडाचा हट्ट नको. चार-पाच फुटवे राखावेत, एका बुडातून उठलेली राई फार देखणी दिसते.

खरी अडचण पानांची. ती सहज १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात. वसंतात नवे कोंब दोन पानांवर खुडत राहिल्यास पुढची पानं लहान येतात. कडक ऊन आणि वारा लागला की कडा करपतात, म्हणून दुपारी सावली द्यावी.

छाटणीची वेळ मात्र सांभाळायलाच हवी. पिवळे नर तुरे आदल्या उन्हाळ्यातच धरतात. हिवाळ्याच्या तोंडी सरसकट कात्री चालवली, तर फेब्रुवारीतला फुलोरा गेलाच. तुरे झडल्यावर छाटावं, कुंडीही तेव्हाच, पालवी फुटण्याआधी बदलावी. फुलोऱ्याच्या दिवसांत कळ्यांवर भिंग धरून पाहा : टोकाला लालभडक तंतूंचा इवलासा झुपका, तेच मादी फूल. त्याला स्वतःच्या झाडाचा पराग चालत नाही. फळं हवी असतील, तर जवळपास दुसरं हेझल हवं.