साखर मोजू की मुलं सांभाळू?

प्रश्न : मी ३६ वर्षांची, मुरूडजवळ राहते. तीन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. ताटात भात दिसला की सासूबाई बोलतात, मी मुलांवर ओरडते, मग रात्री रडते. मीच कमी पडते का?

उत्तर : नाही ताई, तुम्ही थकला आहात. रोज मोजायचं, टाळायचं आणि वर ऐकून घ्यायचं, या ओझ्याला डॉक्टर ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ म्हणतात. १९९५ मध्ये ते मोजायची प्रश्नावलीही तयार झाली. हे नैराश्य नव्हे. पण दोन आठवडे मन उदासच राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर मात्र त्याच क्षणी.

चिडचिडीबरोबर घाम, थरथर, भूक असेल तर आधी साखर मोजा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी ती उतरते. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मोठ्या मुलाला हे शिकवून ठेवा. आई का चिडते ते कळलं की मुलं कमी घाबरतात.

आणि भात? कोकणात तो सोडा म्हणणं मला तरी पटत नाही. एक वाटी भात, बांगड्याचं कालवण, जोडीला भाजी. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच सोबत न्या. सुनेचं न ऐकणाऱ्या सासवा डॉक्टरांचं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.