मांडीवर मावेल तेवढंच

पोरी, स्केचिंगचं सामान घ्यायला निघाली आहेस असं तुझ्या आईकडून कळलं. दुकानात शिरण्याआधी हे एवढं वाच. माझा सगळा कानमंत्र एका ओळीचा आहे: बसल्या जागी मांडीवर मावेल तेवढंच सामान आपलं, बाकीचं दुकानदाराचं. ईझल, घडीची खुर्ची, छत्री, रंगांची भलीमोठी पेटी घेऊन मेणवलीच्या घाटावर उतरणारी हौशी मंडळी मी पुष्कळ पाहिली. त्यांची मांडामांड होईतो ऊन सरकतं, पायऱ्यांवरची सावली पालटते आणि चित्र राहतं बाजूला. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

पेन्सिल
2बी, 4बी आणि 6बी अशा तीन पेन्सिली घे. एचबी वाणसामानाच्या यादीला ठेव. ‘बी’ मागचा आकडा चढेल तसं पेन्सिलीत ग्राफाइट जास्त आणि चिकणमाती कमी, म्हणून रेघ मऊ आणि काळी येते. टोकयंत्र वापरू नकोस. ब्लेडने लाकूड लांब सोलून शिसं चांगलं बाहेर काढ. पेन्सिल आडवी धरली की त्याच शिशाने रुंद छाया भरता येते. सुताराकडचा पॉलिश पेपरचा तुकडा काडेपेटीत ठेवलास की टोक कुठेही घासता येईल. पेन्सिल खाली पाडू नकोस. वरून धड दिसली तरी आतलं शिसं मोडलेलं असतं आणि मग टोक काढावं तितकं गळत राहतं. खोडरबर घरी राहू दे. तो पिशवीत असला की हात रेघेपेक्षा खोडण्याकडे जास्त वळतो.

कागद
महागडी वही घेतलीस की पान खराब होईल या भीतीने ती कोरीच राहते. त्यापेक्षा जलरंगाचा जाड कागद सुटा घे. 22 बाय 30 इंचांच्या मोठ्या शीटचे साडेसात बाय अकराचे बरोबर आठ तुकडे होतात. परीक्षेला न्यायचं क्लिपचं पॅड तुझ्याकडे असेलच. तोच तुझा ड्रॉइंग बोर्ड. रंगवायचं असेल तर 300 जीएसएमचा कागद घे, तो पाण्याने फारसा फुगत नाही. कार्ट्रिज कागद पेन्सिलीला आणि शाईला उत्तम, पण त्यावर भरपूर पाणी ओतलंस तर पापडासारखा वाकडा होतो. पेन्सिलीच्या दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालत जा, नाहीतर एसटीच्या हादऱ्यांनी काळं फासलं जातं.

शाई
मुंबईच्या दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईच्या धंद्याला सुरुवात केली, त्यातूनच पुढे आपल्या सगळ्यांच्या दप्तरातला ‘कॅमल’ आला. शाईच्या पेनाला स्केचिंगमध्ये तोड नाही. साध्या निळ्या-काळ्या शाईने रेघ मार आणि ओला ब्रश तिच्यावरून फिरव. रेघ विरघळून आपोआप छाया तयार होते. एक मात्र ध्यानात ठेव, पाण्याने न पुसणारी ड्रॉइंगची इंडिया इंक फाउंटन पेनात कधी भरू नकोस. त्यातली लाख सुकून पेन कायमचं बसतं. ती शाई बोरूने किंवा टाकाने वापर. आणि काहीच जवळ नसेल तेव्हा बॉलपेन आहेच. रेघ पुसता येत नाही, म्हणून ती मारण्याआधी नजर नीट बघायला शिकते.

रंग
सहा रंग पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. झाकणाच्या पत्र्याच्या डबीत खळग्याखळग्यांत ट्यूबमधला रंग भर आणि रात्रभर उघडी ठेवून सुकव. माण-खटावच्या कोरड्या उन्हाळ्यात या वड्यांना भेगा पडतात, म्हणून भरतानाच ग्लिसरीनचा एक थेंब मिसळ. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात उलटं. डबी ओली मिटलीस की बुरशी धरते. घरी आल्यावर ती उघडीच ठेव.

काळा रंग डबीत नकोच. मेणवलीच्या घाटाचा काळा दगड नुसता काळा रंगवलास तर भोक पडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळ. उन्हातल्या पायरीला सिएना जास्त, सावलीतल्या पायरीला निळा जास्त. ट्यूबमधला हिरवाही टाळ. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिळून सांगलीकडच्या कोवळ्या उसाचा हिरवा होतो, आणि यलो ऑकर घातलास की पाऊस सरल्यावरच्या डोंगराचा मळका हिरवा. पांढऱ्यासाठी कागदच कोरा सोडावा.

सांगलीला गेलीस की हळद कालवून रंगवायचा मोह होईल. पिवळा झकास उतरतो, चुन्याचं पाणी लावलंस तर लालही होतो. पण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. गंमत म्हणून कर, जपायच्या चित्रात नको.

ब्रश आणि पाणी
गोल 8 नंबर, गोल 4 नंबर आणि अर्ध्या इंचाचा एक चपटा. पैसे खर्चायचे तर 8 नंबरवर खर्च. घेण्याआधी दुकानदाराकडे वाटीभर पाणी माग, ब्रश बुडवून झटका दे. केस एकत्र येऊन टोक झालं तर घे, फुलारले तर परत दे. ब्रश पाण्यात उभा ठेवू नकोस, केस कायमचे वाकतात. पाण्याच्या दोन लहान बाटल्या, एक धुवायला आणि एक स्वच्छ. प्यायची बाटली पूर्ण वेगळी. जुन्या सुती धोतराचं फडकं कुठल्याही टिश्यूपेक्षा चांगलं. गढूळ झालेलं पाणी मातीत ओत, कृष्णेत नव्हे.

जागेप्रमाणे
कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत झिमझिम असतेच. तिथे जलरंग उघडूच नकोस. तेलखडू ने, त्यावर पाणी ठरत नाही. माणच्या उन्हात याच्या उलट, ब्रश उचलेपर्यंत रंग वाळतो. तिथे कागद आधी मागून ओला कर. एसटी धावत असताना रेघ मारू नये. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली की बॉलपेन काढ. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आधी विचारावं, मग पायरीवर बसावं. टांगलेले सुके भोपळे, अर्धवट कोरलेली दांडी, खाली पडलेला भुसा. ऑकर आणि सिएना या दोन रंगांत अख्खं दुकान उतरतं. कामाच्या जागेत पसारा मांडू नये, म्हणूनही सामान मांडीपुरतंच.

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जरूर जा. ते उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. रवी वर्म्यांची चित्रं तिथे समोर बघायला मिळतात. आत फक्त पेन्सिल न्यावी, तीही विचारून. एका चित्रातला एकच हात किंवा पदराची एकच चुणी उतरवलीस तरी दिवस सत्कारणी लागला.

घरी
घरचं सामान वेगळं आणि पिशवीतलं वेगळं, हे पाळ. एकाच संचावर दोन्हीकडे भागवायला गेलीस की ऐन निघताना पेन्सिल सापडत नाही. घरी पॅलेट म्हणून चिनी मातीची पांढरी बशी वापर, त्यावर रंग खरा दिसतो. उजव्या हाताने काढतेस, तर खिडकी डावीकडे घे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. विषय शोधत हिंडू नकोस. पाटा-वरवंटा, तांब्या, ओट्यावरची कोथिंबिरीची जुडी हे न हलणारे आणि तक्रार न करणारे नमुने आहेत. रोज एक काढ.

शाळेत मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवताना मला एक गोष्ट पक्की कळली. सामानामुळे कुणी नापास होत नाही आणि सामानामुळे कुणाला ‘ए’ ग्रेडही मिळत नाही. म्हणून शेवटचा नियम सांगते, तो मोडू नकोस: आठही तुकडे दोन्ही बाजूंनी भरल्याशिवाय दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही.