रिकामी समजलेली बंदूक

म्हैसूरच्या दसऱ्यात जुन्या, तोंडाने ठासावयाच्या तोफांतून एकवीस बारांची सलामी दिली जाते. हत्ती-घोड्यांना त्या आवाजाची सवय आधीपासून लावतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. तोफेजवळच्या शिपायाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. अशा तोफेचा एक बार झाला, की नळीतून ओला बोळा फिरवल्यावाचून पुढची दारू आत घालावयाची नसते. आत एखादी ठिणगी धुमसत असेलच, असे धरून चालायचे. बंदुकीचाही पहिला नियम हाच : ती नेहमी भरलेलीच समजावी. शेजारच्या कोडगूत कैल पोळ्दच्या सणाला बंदुकांची पूजा होते. पण देवापुढे मांडल्याने बंदूक निर्धोक होत नाही.

ज्यांच्या घरी शस्त्र नाही, त्यांनाही हा नियम चुकत नाही. न उडालेल्या फटाक्यावर वाकणारे मूल आणि ‘वीज गेली आहे’ म्हणून तारेला हात लावणारा गृहस्थ, दोघेही रिकाम्या नळीवरच विसंबलेले असतात. फटाक्यावर लांबूनच पाणी ओतावे. तारेच्या बाबतीत मुख्य स्विच स्वतः बंद करावा, मग टेस्टर लावावा; आणि तो टेस्टर चालतो की नाही, हे त्याआधी वीज असलेल्या ठिकाणी पाहून घ्यावे.