मैदान आणि उंबरठा

प्रास्ताविक

क्रीडाविषयक लेखन बहुधा जय-पराजयाभोवती फिरते. प्रस्तुत पाठात मात्र एका खेळाडूने ऐन हंगामात सोडलेल्या स्पर्धेची हकिकत आली आहे. कोरोनाच्या महासाथीत संघ आणि कुटुंब यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ काही व्यावसायिक खेळाडूंवर आली. त्यांच्या निर्णयांचा आणि त्या निर्णयांमागील परिस्थितीचा विचार या पाठात केला आहे. पाठ वाचताना आपल्या घरात व कामाच्या ठिकाणी त्या दोन वर्षांत काय घडले, याचेही स्मरण ठेवावे.

पाठ

२५ एप्रिल २०२१, रविवार. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे तमिळनाडूत त्या दिवशी संपूर्ण टाळेबंदी होती. दुसऱ्या दिवसापासून राज्यातील प्रार्थनास्थळेही लोकांसाठी बंद होणार होती. कुंभकोणमसारखे गाव, ज्याची ओळखच मंदिरांमुळे आहे आणि जिथे कुंभेश्वर, शार्ङ्गपाणी अशा देवालयांची उंच गोपुरे दुरूनच दृष्टीस पडतात, तेथेही आता नित्यपूजा पुजाऱ्यांनी करावयाची आणि भाविकांनी घरातूनच हात जोडावयाचे, अशी वेळ आली होती. सारे राज्य असे दाराआड असताना चेन्नईच्या चेपॉक मैदानावर मात्र दिव्यांच्या झगझगाटात क्रिकेटचा सामना चालू होता. प्रेक्षकांची आसने रिकामी होती. दिल्ली कॅपिटल्स आणि सनरायझर्स हैदराबाद या संघांच्या धावा समान झाल्या आणि सुपर ओव्हरमध्ये दिल्लीने बाजी मारली.

त्याच रात्री विजयी संघातील फिरकी गोलंदाज रविचंद्रन अश्विन यांनी ट्विटरवरून एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. आपले कुटुंबीय आणि नातलग कोरोनाशी झुंजत आहेत, या कठीण काळात त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी आपण उद्यापासून स्पर्धेतून विश्रांती घेत आहोत, आणि सारे सुरळीत झाल्यास पुन्हा खेळण्याची आशा आहे, असा त्याचा आशय होता. संघाचा पुढचा सामना दोनच दिवसांनी अहमदाबादला होता. संघ तिकडे गेला. अश्विन घरी गेले.

या निवेदनामागे किती मोठे संकट होते, हे पुढे काही दिवसांनी त्यांच्या पत्नीने सांगितले तेव्हा लोकांना कळले. एकाच आठवड्यात घरातील सहा मोठी माणसे आणि चार मुले अशा दहा जणांना संसर्ग झाला होता. कोणी घरी, तर कोणी वेगवेगळ्या रुग्णालयांत होते. त्या सुमारास आठ-नऊ रात्री आपल्याला झोप लागली नव्हती आणि न झोपताच आपण सामने खेळत होतो, असे अश्विन यांनीही नंतर सांगितले. त्या हंगामातील पाच सामन्यांत त्यांना एकच बळी मिळाला होता. धावफलक पाहणाऱ्याला त्यात गोलंदाजाची घसरण दिसली असेल. रात्रीच्या जाग्रणाचा रकाना धावफलकात नसतो.

या प्रसंगातील खरी अडचण अंतराची नव्हती. अश्विन चेन्नईचेच. त्यांचे बालपण याच शहरातील पश्चिम मांबलम भागात गेले. फेब्रुवारी महिन्यात याच चेपॉकवर इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी शतक झळकावले होते. एप्रिलमध्ये त्यांचा संघ २० आणि २५ तारखेचे सामने खेळण्यासाठी चेन्नईतच मुक्कामाला होता. घर त्याच शहरात, आणि तरीही घरी जाता येत नव्हते. कारण खेळाडूंभोवती एक अदृश्य कुंपण होते. त्याला सर्वजण ‘बायो-बबल’ म्हणत. स्पर्धेशी संबंधित माणसांनी हॉटेल, बस आणि मैदान एवढ्याच जगात राहावयाचे, ठरावीक दिवसांनी तपासणी करून घ्यावयाची आणि बाहेरच्या कोणाशीही संपर्क ठेवावयाचा नाही, अशी ती व्यवस्था होती. एकदा बाहेर पडले, की परत येताना पुन्हा विलगीकरण आणि पुन्हा तपासण्या. त्यामुळे संध्याकाळी आईची विचारपूस करून सकाळी सरावाला हजर होणे, ही एरवी अगदी साधी असलेली गोष्ट अशक्य झाली होती. एक तर आत, नाही तर बाहेर.

महासाथीपूर्वीचे एक उदाहरण शेजारी ठेवले, म्हणजे हा फरक चटकन ध्यानात येईल. १९९९ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये विश्वचषक स्पर्धा चालू असताना सचिन तेंडुलकर यांचे वडील, मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर यांचे मुंबईत निधन झाले. सचिन तातडीने मायदेशी आले. झिंबाब्वेविरुद्धचा सामना भारत त्यांच्याशिवाय खेळला आणि अवघ्या तीन धावांनी हरला. आईच्या आग्रहावरून ते परत गेले आणि २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्यांनी नाबाद १४० धावा केल्या. त्या शतकानंतर आकाशाकडे वळलेली त्यांची दृष्टी अनेकांना आजही आठवते. दुःखाच्या त्या चार-पाच दिवसांत त्यांना मुलगा म्हणून घरी जाता आले आणि खेळाडू म्हणून परतही येता आले. बायो-बबलने नेमके हे जाणे-येणेच बंद केले. म्हणून त्या काळातील निर्णय अधिक कठोर झाले.

तो कठोरपणा मोहम्मद सिराज यांच्या वाट्याला आला. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय संघ ऑस्ट्रेलियात विलगीकरणात असताना हैदराबादेत त्यांच्या वडिलांचे निधन झाले. ऑटोरिक्षा चालवून त्यांनी मुलाला क्रिकेटपटू केले होते. क्रिकेट मंडळाने सिराज यांना घरी परतण्याची मुभा दिली. पण त्यांनी संघासोबत राहण्याचे ठरवले. अंत्यदर्शन झाले नाही. पुढे मेलबर्नला त्यांनी कसोटी पदार्पण केले, ब्रिस्बेनच्या अखेरच्या कसोटीत एका डावात पाच बळी घेतले आणि जानेवारीत मायदेशी उतरल्यावर विमानतळावरून ते थेट वडिलांच्या कबरीपाशी गेले.

त्याच दौऱ्यावर कर्णधार विराट कोहली पहिल्या कसोटीनंतर परतले. त्यांच्या पहिल्या अपत्याचा जन्म जवळ आला होता आणि त्यासाठीची रजा मंडळाने आधीच मंजूर केली होती. मात्र ॲडलेडच्या त्या कसोटीत भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला, आणि मग रजेचा तो साधा अर्ज एकाएकी राष्ट्रीय वादाचा विषय झाला. कर्णधाराने अशा वेळी जावे काय, असे विचारले जाऊ लागले. उत्तर मैदानावरच मिळाले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यांनी नेतृत्व स्वीकारले, मेलबर्नला शतक केले, आणि अनेक दुखापतींनी खिळखिळा झालेला तो संघ मालिका २-१ अशी जिंकून परतला. याच रहाणे यांची कन्या ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मली, त्या दिवशी ते विशाखापट्टणमला कसोटी सामना खेळत होते. आणखी मागे जायचे तर १९७६ मध्ये रोहन गावसकर जन्मले तेव्हा सुनील गावसकर परदेश दौऱ्यावर होते. मुलाचे मुख पाहण्यासाठी त्यांना दौरा संपेपर्यंत थांबावे लागले. त्या पिढीत याचा फारसा बोभाटा होत नसे. बाळंतपण हे बायकांचे काम, अशीच समजूत होती. ती समजूत बदलली, हे चांगलेच झाले.

आणि तरीही कोहली यांच्या रजेची गोष्ट नटराजन यांच्या गोष्टीशिवाय पुरी होत नाही. थंगरासू नटराजन हे तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी या खेड्यातील एका गरीब कष्टकरी कुटुंबातले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांना कन्यारत्न झाले, तेव्हा ते आयपीएलसाठी संयुक्त अरब अमिरातीत होते. तेथून ते घरी न येता सरळ ऑस्ट्रेलियाला गेले, तेही मुख्य संघातील खेळाडू म्हणून नव्हे, तर सरावात गोलंदाजी टाकणारा जादा गोलंदाज म्हणून. एकेक सहकारी जायबंदी होत गेला आणि नटराजन यांना संधी मिळत गेली. एकाच दौऱ्यात तिन्ही प्रकारच्या सामन्यांत त्यांनी पदार्पण केले. जानेवारीच्या उत्तरार्धात ते गावी पोहोचले, तेव्हा गावकऱ्यांनी रथातून मिरवणूक काढली आणि बापाने आपली मुलगी प्रथमच पाहिली.

‘मला घरी जाऊ द्या’ असे म्हणणे नटराजन यांना शक्य होते काय? नियमाने असेलही. परंतु ज्याचे संघातील स्थान उद्या राहील की नाही याचीच शाश्वती नाही, त्याच्यासाठी नियम आणि धाडस यांत बरेच अंतर असते. कोहली परतले तरी त्यांची जागा त्यांचीच राहणार होती. अश्विन यांच्या नावावर तोवर कसोटीतील चारशेहून अधिक बळी जमा होते. नाव झालेल्या माणसाला रजा मागताना जीभ जड होत नाही. आपल्या अध्ययनार्थींपैकी जे रोजंदारीवर, ठेकेदाराकडे किंवा घरकामाला जातात, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

परदेशांतही हा प्रश्न पैशापर्यंत येऊन पोहोचला. अमेरिकेतील बेसबॉलच्या २०२० च्या हंगामात खेळाडूंना न खेळण्याची मोकळीक होती. मात्र ज्याच्या स्वतःच्या प्रकृतीला विशेष धोका आहे त्याला वेतन मिळणार होते. घरच्यांच्या काळजीपोटी थांबणाऱ्याला नाही. वॉशिंग्टनच्या संघातील रायन झिमरमन यांची आई दुर्धर आजाराने ग्रस्त होती आणि घरात नुकतेच जन्मलेले बाळ होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातील बस्टर पोझी यांनी दिवस पुरे होण्याआधीच जन्मलेल्या जुळ्या मुलींना दत्तक घेतले होते. दोघांनीही त्या हंगामाच्या वेतनावर पाणी सोडले. अमेरिकन फुटबॉलमधील लॉरेंट डुव्हर्ने-टार्डिफ यांची निवड आणखी निराळी. ते वैद्यकीय पदवीधर. कॅन्सस सिटीच्या विजेत्या संघातील स्थान सोडून ते कॅनडातील आपल्या क्युबेक प्रांतात वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेला गेले.

आपल्याकडे अशा निर्णयांची चर्चा होते तेव्हा तिच्या तळाशी मराठी मनावरचे दोन जुने संस्कार असतात. एक आहे तानाजी मालुसऱ्यांचा. मुलाचे लग्न बाजूला ठेवून कोंढाण्याच्या मोहिमेवर निघालेल्या त्या वीराची कथा शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असते. घरचे कार्य मागे आणि स्वराज्याचे कार्य पुढे, हा धडा आपण तेथून घेतला. दुसरा संस्कार पुंडलिकाचा. आईवडिलांची सेवा अर्धवट टाकून उठायचे नाही, म्हणून दारी आलेल्या देवालाच त्याने वीट फेकून दिली आणि थांबायला सांगितले. तो देव रागावून निघून गेला नाही. तो थांबला, आणि त्याच्या थांबण्याभोवतीच पंढरीचे सारे वैभव उभे राहिले. महाराष्ट्राने या दोघांनाही डोक्यावर घेतले आहे, त्यांपैकी एकाला खोटे ठरवलेले नाही. गडबड होते ती कोणत्या प्रसंगी कोणाचे माप लावायचे, या ठिकाणी. क्रिकेटचे मैदान म्हणजे कोंढाणा नव्हे. तेथे अकरांतला एक गेला तर बारावा तयार असतो. रुग्णालयाच्या दाराशी बसायला मात्र बदली खेळाडू मिळत नाही. म्हणून सिराज यांच्या निर्धारापुढे मान लवते, पण तोच निर्धार प्रत्येकाकडून वसूल करण्याचा हक्क प्रेक्षकाला पोहोचतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

अश्विन यांच्यापाठोपाठ, घरात आई व पत्नी बाधित झाल्याने, पंच नितीन मेनन यांनीही ती स्पर्धा सोडली. पुढे बायो-बबलमध्येच संसर्ग शिरला आणि ४ मे २०२१ रोजी संपूर्ण स्पर्धाच स्थगित झाली. ती सप्टेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीत पुन्हा सुरू झाली, तेव्हा घरची माणसे सावरली होती आणि अश्विन दिल्लीच्या संघात परतले होते. १३ ऑक्टोबरला शारजा येथे कोलकाता नाइट रायडर्सविरुद्ध अखेरचे षटक त्यांच्या हाती आले. लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेऊन त्यांनी सामना फिरवत आणला होता. पण महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या राहुल त्रिपाठी यांनी पुढच्याच चेंडूवर षटकार मारला आणि दिल्लीचे आव्हान संपले.

तीन वर्षांनी पुन्हा तशीच वेळ आली. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकोटच्या कसोटीत अश्विन यांनी आपला पाचशेवा बळी मिळवला. असा टप्पा गाठणारे ते अनिल कुंबळे यांच्यानंतरचे दुसरे भारतीय. त्याच रात्री आई अत्यवस्थ असल्याचे कळताच ते चेन्नईला निघाले. सामना अर्ध्यावर होता. तरीही या वेळी कोणी त्यांना अडवले नाही. मंडळाने त्यांच्यासाठी खास विमानाची सोय केली आणि उरलेल्या गोलंदाजांनी त्यांचा भार उचलला. सामन्याच्या चौथ्या दिवशी ते परत आले, मैदानात उतरले आणि आणखी एक बळी घेतला. भारताने तो सामना ४३४ धावांनी जिंकला.

स्वाध्याय

१. ‘रात्रीच्या जाग्रणाचा रकाना धावफलकात नसतो’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. सचिन तेंडुलकर आणि मोहम्मद सिराज यांच्यावर आलेल्या प्रसंगांतील साम्य व भेद सांगा.

३. तानाजी आणि पुंडलिक यांची उदाहरणे लेखकाने कोणत्या हेतूने दिली आहेत? लेखकाचे मत तुम्हांला पटते काय? सकारण लिहा.

४. पाणी सोडणे, डोक्यावर घेणे, बाजी मारणे, जीभ जड होणे — या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

५. घरातील आजारपणासाठी चार दिवसांची रजा मिळावी, अशी विनंती करणारे पत्र तुमच्या कामाच्या ठिकाणच्या प्रमुखांना लिहा.