पुरे नाव

तुमचे पुरे नाव काय?

प्रश्न सोपा वाटतो. पण गावात तो कोणी कोणाला विचारत नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. "वरल्या आळीचा रामा" म्हटले की झाले. दोन रामा असले तर एक पैलवान रामा होतो, दुसरा भजनी रामा होतो. कुणाचे काही अडत नाही.

गावाबाहेर मात्र अडते. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी या बाजूला कारखानेच कारखाने झाले. पुढे तळेगाव आणि चाकणचे माळही कारखान्यांनी भरले. आता मावळ-खेडातल्या घराघरांतून कोणी ना कोणी कामाला जातो. कारखान्याच्या दारावर "वरल्या आळीचा रामा" चालत नाही. तिथे कागदावर नाव लागते, आणि ते पुरे लागते.

आपल्या मराठी नावाला तीन तुकडे असतात. एक थोर नाव घेऊन पाहू. जोतीराव गोविंदराव फुले. जोतीराव हे स्वतःचे नाव. गोविंदराव हे वडिलांचे नाव. फुले हे आडनाव. (त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे होते. फुलांचा धंदा केला म्हणून लोक फुले म्हणू लागले. तेव्हा आडनाव म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे.)

जुन्या कागदांत हे तुकडे कोणते ते लिहूनच ठेवीत. "रामा बिन विठू" असे लिहीत. बिन म्हणजे "चा मुलगा". वलद हाही त्याच अर्थाचा शब्द. बाईच्या नावापुढे कोम किंवा भ्र. लिहीत. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. त्यामुळे वाचणाऱ्याला शंका उरत नसे. आता बिन गेला, वलद गेला. दोन शब्दांमध्ये फक्त मोकळी जागा राहिली. त्या मोकळ्या जागेवरच आताचा सगळा कारभार चालतो.

तो कसा, ते पाहा. आता नावे संगणकात असतात. कारखान्याच्या संगणकात एक, बँकेच्या संगणकात एक, आधारच्या संगणकात एक. आधार कार्डाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले कार्ड दिले गेले. त्यावर बारा आकडी नंबर असतो. मग पैसे द्यायचे झाले, की एका ठिकाणचे नाव दुसऱ्या ठिकाणच्या नावाशी ताडून पाहतात. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत ना, याची खात्री करतात.

समजा, एका कागदावर "बाळू तुकाराम शिंदे" असे आहे. दुसऱ्या कागदावर "शिंदे बाळू तुकाराम" असे आहे. आपण पाहताक्षणी म्हणू, माणूस एकच. संगणकाने सबंध ओळ ओळीशी लावली, तर तो म्हणेल, ही दोन माणसे आहेत. कारण पहिलेच अक्षर जुळत नाही. पण नावाचे तुकडे करून बाळूला बाळूशी, तुकारामला तुकारामशी आणि शिंदेला शिंदेशी लावले, तर तिन्ही जुळतात. म्हणून आधी तुकडे करायचे, मग ताडायचे. चाकणच्या बाजारात कांदा असाच निवडतात. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, गोल्टी एकीकडे. सगळा ढीग एकत्र ठेवला तर भाव कशाचा करणार?

तुकडे करायला संगणक मोकळी जागा शोधतो. तिथे तोडतो. पहिला शब्द स्वतःचे नाव, मधला वडिलांचे, शेवटचा आडनाव, असा त्याला नियम शिकवलेला असतो. नियम बरा आहे, पण तो जागोजाग फसतो.

"महात्मा जोतीराव गोविंदराव फुले" असे लिहिले तर संगणक समजेल, की या गृहस्थाचे नाव महात्मा आणि वडिलांचे नाव जोतीराव. हसू येते ना? पण आपल्या कागदांवर श्री., सौ., कै., ह.भ.प. असे नावाआधी लिहिलेले पुष्कळदा असते. ते आधी काढून टाकावे लागते. "हिराबाई" हा एक शब्द आहे. तो "हिरा बाई" असा तोडून लिहिला, की बाई हे नवऱ्याचे नाव होऊन बसते. "मोहिते पाटील" अशी दोन शब्दांची आडनावे असतात. तिथे मोहिते हे वडिलांच्या खात्यात जाते. आणि आपल्याकडे पाटील घराण्यांत तर एका भावाच्या कागदावर आडनाव असते, दुसऱ्याच्या कागदावर नुसते पाटील असते.

दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी असते. आधारवर बहुधा शेवटी असते. पॅनकार्डाच्या अर्जात तिन्ही तुकड्यांना वेगवेगळ्या चौकटी असतात, ते बरे आहे. पॅनच्या दहा अक्षरी नंबरात पाचवे अक्षर आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर असते. तुमच्याकडे कार्ड असेल तर काढून पाहा. तिथे आडनावाऐवजी स्वतःच्या नावाचे अक्षर दिसले, तर अर्ज भरणाऱ्याने तुकडे उलटसुलट भरले होते असे समजा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ही पैशाची गोष्ट आहे.

कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापतात. आपण त्याला पीएफ म्हणतो. याचा मूळ कायदा १९५२ चा. पीएफबरोबर १९९५ पासूनची एक पेन्शन योजना आहे. तिचा नियम असा, की दहा वर्षे नोकरी भरली तर म्हातारपणी दरमहा पेन्शन मिळते. दहा भरली नाहीत तर ती मिळत नाही, एकरकमी पैसे घेऊन मोकळे व्हावे लागते.

चाकणला पुष्कळ लोक ठेकेदाराकडे काम करतात. ठेकेदार बदलतो, कारखाना बदलतो. समजा, आपला बाळू एका ठेकेदाराकडे सात वर्षे होता. तिथल्या कारकुनाने लिहिले "बाळू शिंदे". मग तो दुसरीकडे गेला. तिथे चार वर्षे झाली. तिथे लिहिले "बाळासाहेब तुकाराम शिंदे", आणि जुना नंबर न विचारता नवा नंबर काढला. आता सात आणि चार अकरा होतात. दहाच्या वर गेले. बाळू पेन्शनचा धनी आहे. पण कागदावर माणसे दोन आहेत. एकाची सात वर्षे, एकाची चार. दोघांपैकी कोणाचीच दहा भरत नाहीत. बाळूने अकरा वर्षे रात्रपाळ्या केल्या, त्या दोन नावांत वाटल्या गेल्या.

म्हणूनच २०१४ पासून प्रत्येक कामगाराला एक कायमचा बारा आकडी नंबर देतात. त्याला यूएएन म्हणतात. नोकरी बदलली तरी नंबर तोच ठेवायचा असतो. नवीन ठिकाणी गेलात की तो नंबर पहिल्या दिवशी सांगा. आणि नाव आधारवर आहे तसेच, त्याच अक्षरांत लिहून द्या. चूक झालीच असेल तर कामगार आणि मालक मिळून संयुक्त घोषणापत्र देतात, त्याने ती दुरुस्त होते. मात्र जुना ठेकेदार कामे गुंडाळून निघून गेला, की त्याची सही मिळवायला फार धावाधाव होते. चूक दिसेल त्या महिन्यातच मागे लागलेले बरे.

दुसरी अडचण अक्षरांची आहे. आपले नाव मराठी, कागद इंग्रजी. इंग्रजीत ळ नाही. त्यामुळे काळे आणि काले एकसारखेच लिहिले जातात. ट आणि त, ण आणि न यांचीही तीच गत. गायकवाड कोणी "डब्ल्यू" घालून लिहितो, कोणी "व्ही" घालून. दत्तात्रय आणि दत्तात्रेय दोन्ही चालतात. यावर तोड म्हणून अक्षरे सोडून आवाजावरून नावे जुळवण्याची युक्ती निघाली. १९१८ साली अमेरिकेत रसेल नावाच्या माणसाने तिचा पेटंट हक्क घेतला. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मग वेगळे लिहिलेले, पण ऐकायला सारखे असलेले नाव एकाच गठ्ठ्यात येते. आताचे संगणक याच्याही पुढे गेले आहेत. एका नावाचे दुसरे करायला किती अक्षरे बदलावी लागतात ते मोजतात. एखादे अक्षर असेल तर म्हणतात, बहुधा तोच माणूस.

पण "बहुधा" हा शब्द धोक्याचा आहे. बाळूचे पैसे अडकले तर ते उशिरा का होईना सुटतील. बाळूचे पैसे दुसऱ्याच बाळूच्या खात्यात गेले, तर काय? आमच्या मते, दोन वेगळी माणसे एक समजणे ही चूक अधिक वाईट.

आणि आपल्याकडे ती सहज होते. कारण आपली एक रीत आहे. आजोबाचे नाव नातवाला ठेवतात. आजोबा रामा विठ्ठल. त्याचा मुलगा विठ्ठल रामा. त्याचा मुलगा पुन्हा रामा विठ्ठल. आडनाव तर एकच. आजा आणि नातू यांची तिन्ही नावे अक्षर न अक्षर सारखी! आता जमीन कारखान्यासाठी घेतली, तर मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाने निघतो. त्यातला रामा विठ्ठल कोणता? आजा वारला असेल आणि वारसांची नोंद केली नसेल, तर नातवाच्या चुलत्यांनी आणि आत्यांनी काय करावे? नावाचे कितीही बारीक तुकडे केले तरी याचे उत्तर मिळत नाही. तिथे जन्मतारीख पाहावी लागते, फेरफार पाहावा लागतो. जुन्या सातबाऱ्यावर नावाजवळच ए.कु.मॅ. किंवा अ.पा.क. अशी अक्षरेही असतात. पहिल्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर, दुसऱ्याचा अज्ञान पालनकर्ता. ती नावाचा भाग नव्हेत. पण त्यांचा अर्थ मोठा आहे. मॅनेजर म्हणजे एकटा मालक नव्हे. ती अक्षरे नावापासून वेगळी काढावीत, पण फेकून देऊ नयेत.

बायकांचे तर विचारू नका. पुरुषाच्या नावाचा एखादा तुकडा इकडेतिकडे होतो. बाईचे लग्न झाले, की मधले नाव बदलते, आडनाव बदलते. काही घरांत तर पाटावर बसवून स्वतःचे नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावरची शोभा लग्नानंतर मंगल होते. तीन तुकड्यांपैकी एकही जुळत नाही. संगणक तिला कसा ओळखणार? नवऱ्याच्या पीएफच्या कागदावर वारस म्हणून मंगल आहे आणि आधारवर शोभा आहे. नवरा गेल्यावर पेन्शन मागायला ती जाते, तेव्हा खिडकीतला माणूस विचारतो, "बाई, तुम्ही मंगल कशावरून?" नवरा हयात असताना हे कागद जुळवून ठेवावेत. लग्नाच्या नोंदणीचा दाखला उपयोगी पडतो. नाव बदलल्याचे राज्याच्या राजपत्रात छापून घेता येते. आणि एक गोष्ट बायकांनी नीट ध्यानात ठेवावी. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही.

चाकणला आता परप्रांतातले लोकही खूप आले आहेत. त्यांना आपल्या तीन चौकटी बसत नाहीत. तमिळनाडूत पुष्कळ लोकांना आडनावच नसते, वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर लावतात. बिहार, उत्तर प्रदेशात कुमार हा शब्द मधे येतो, तो वडिलांचे नाव नव्हे. कारकून रिकामी चौकट पाहून काहीतरी भरतो, आणि त्या माणसाचे कागद जन्मभर जुळत नाहीत. ज्याला तुकडा नाही, त्याची चौकट रिकामी राहू द्यावी.

आपल्या नावातही आता एक तुकडा वाढला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदावर असे लिहितात: आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. आजवर संगणकाला शिकवले होते, की दुसरा शब्द बापाचा. आता तो आईचा. बाप आणि मुलगा एकाच घरात, एकाची नावे तीन, दुसऱ्याची चार. जुना नियम तसाच ठेवला तर तो आईचे नाव बापाच्या चौकटीत भरील.

आता एक काम करा. घरातले सगळे कागद काढा. आधार, पॅन, बँकेचे पुस्तक, पीएफचा कागद, सातबारा, शाळेचा दाखला. एका कोऱ्या पानावर चार रकाने आखा: स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव. प्रत्येक कागदावर जसे आहे तसे, एकेका ओळीत उतरवा. सुधारून लिहू नका. इंग्रजी अक्षरे कळत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाला शेजारी बसवा. ज्या रकान्यात फरक दिसेल तिथे खूण करा. मग लगेच आधार बदलायला धावू नका, कारण आधारवरचे नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. कोणत्या कागदावरचे नाव बरोबर आहे ते आधी घरात बसून ठरवा. घरातल्या बाईचे पान वेगळे करा, आणि ते तिलाच लिहू द्या.